गाळपेरातलं गाडगं

पहार तिसऱ्यांदा मारली तेव्हा गाळाखालून पोकळ आवाज आला. बंकटनं पहार बाजूला टाकली, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी माती उपसायला सुरुवात केली. कोपरभर खाली एक चपटा दगड होता. तो सरकवला तर त्याच्याखाली गाडग्याचं तोंड.

खोटं कशाला बोला, त्याच्या मनात पहिल्यांदा सोनंच आलं. तलावाखाली गेलेल्या लिंबारीच्या लोकांनी जाता जाता काय काय पुरून ठेवलं, याच्या गप्पा वाघदऱ्याच्या पारावर वर्षानुवर्षं चालायच्या, आणि त्या गप्पांना तिखटमीठ लावण्यात बंकट कधी मागं राहिला नव्हता. त्यानं आधी मान वर करून चौफेर पाहिलं. यंदा पाणी लवकर उतरलं होतं. उघड्या पडलेल्या गाळात जागोजाग माणसं टरबुजासाठी खड्डे घेत होती. विद्यापीठाकडून आलेली ऋतुजा पार तिकडं दोरी ताणून कुणाला तरी ओळ कशी धरायची ते दाखवत होती. त्याच्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. मग त्यानं गाडग्यात हात घातला.

आतही गाळच होता, मऊ आणि गार. बोटांना एक कडं लागलं. ते बाहेर काढून त्यानं धोतराला पुसलं. पितळी वाळा होता, हिरवा पडलेला, इतका लहान की बंकटची दोन बोटं त्यात धड गेली नसती. पुन्हा हात घातला तर चार काळे मणी आले, आणि मण्यांबरोबर एक बारीक हाड.

“कोकराचं असंल,” तो स्वतःशीच पुटपुटला.

पण जन्मभर मेंढरं राखलेला माणूस तो. किती मेलेली कोकरं त्यानं हातानं उचलून टाकली असतील. हे कोकराचं नव्हे, हे त्याच्या बोटांना केव्हाच कळलं होतं. आणि कोकराला वाळा कोण घालतं?

हाड, मणी त्यानं होते तसे आत ठेवले, तोंडावर दगड सरकवला आणि खांद्यावरचं घोंगडं त्या खड्ड्यावर पसरून शेजारी बसून राहिला. वाळा मात्र मुठीतच राहिला होता. तो परत ठेवायचा राहून गेला हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

ही जागा कुणाची, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. ही त्याची सासुरवाडी. चिंचेचा तो काळा बुंधा दिसतो, त्याच्या अलीकडं घर होतं, बाजूला गोठा, आणि हे मागचं परसू. तलाव झाला, लिंबारी उठली, आणि सरकारनं ती आणून बसवली ती नेमकी वाघदऱ्याच्या गायरानावर, जिथं बंकटच्या बापजाद्यांची मेंढरं चरायची. त्या वेळी ग्रामसभेत सगळ्यांत मोठ्यानं ओरडला तो बंकटच. सख्ख्या मेहुण्याला, आश्रुबाला, त्यानं चारचौघांत ‘उपरा’ म्हटलं. बंकटच्या बायकोचं, सारजाबाईचं माहेर हाकेच्या अंतरावर आलं आणि त्याच साली तुटलं. नंतर दोन्ही घरांची लग्नं झाली, मयती झाल्या, पण कुणी कुणाच्या दारात गेलं नाही.

मग गेल्या वर्षी विद्यापीठाची माणसं आली. म्हणाली, तलावाचं पाणी उतरलं की गाळपेराची जमीन मोकळी होते, तिथं टरबूज लावा. बियाणं, ठिबकच्या नळ्या आणि पुण्याचा व्यापारी हे आमच्याकडं लागलं. अट एकच, वाघदऱ्याचं एक घर आणि पुनर्वसनातलं एक घर अशी जोडी पाहिजे. एकट्याला बी मिळणार नाही.

“तुमच्यात सावड करतात ना, याचं काम त्यानं आणि त्याचं यानं? तसंच,” असं ऋतुजा म्हणाली होती.

सावड करतात बाई, पण ज्याचं तोंड बघवतं त्याच्याशी करतात, हे तिला सांगणार कोण? तिनं चौकशी केली, बंकट आणि आश्रुबा दाजी-मेहुणे लागतात असं कळलं, आणि पोरगी खूश होऊन दोघांची जोडी सगळ्यांत आधी लावून मोकळी झाली. त्या दिवशी दोन्ही वस्त्या पोट धरून हसल्या.

पण जमलं खरं. आधी दोघं वावराच्या दोन टोकांना उभं राहून काम करायचे. मग एक दिवस आश्रुबानं काही न बोलता तंबाखूची चंची पुढं केली. बंकटनं चिमूट घेतली, आणि दुसऱ्या रात्री आपली सगळी मेंढरं आणून या जमिनीवर बसवली. मेंढरं बसली की जमीन खतानं तृप्त होते, आणि त्यासाठी लोक धनगराच्या पाया पडतात. बंकटनं ती न बोलावता आणली होती. तेव्हापासून आश्रुबा पुन्हा ‘दाजी’ म्हणायला लागला. सारजाबाईचं पाऊल मात्र अजून इकडं वळलं नव्हतं. गुडघे दुखतात म्हणायची.

आणि आज त्यानं त्याच मेहुण्याच्या लेकराच्या डोक्यावर पहार घातली होती. दुसरं काय असणार? तान्हं लेकरू गेलं तर लिंबारीत ते परसातच ठेवायचे, घराला सोडून एकटं लांब नेत नसत, एवढं त्याला माहीत होतं. गावाला कळलं तर वावर बाधलं म्हणून उद्या इथं कुणी पाय ठेवणार नाही, हेही त्याला दिसत होतं. पण त्याचं त्याला तेवढं वाटेना. आश्रुबा चौसाळ्याहून नळ्या घेऊन येईल, तेव्हा त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? एवढ्या वर्षांनी जे कसंबसं सांधलं होतं ते आता कायमचं मोडणार, ही धास्ती त्याला बसली.

“बंकटमामा, हा खड्डा राहिला का?”

ऋतुजा दोरीचं बंडल गुंडाळत जवळ आली होती.

“खडक लागलाय.”

“गाळात खडक?” ती हसली. “अहो, उद्या पाहुणे येणार आहेत ना. बाहेरच्या देशातल्या विद्यापीठाचे. त्यांच्याकडं लढाईमुळं गाव सोडून आलेली माणसं असतात, त्यांची आणि तिथल्या गावकऱ्यांची अशीच जोडीनं शेती लावतात ते. सरांनी सांगितलंय, पहिलं तुमचंच वावर दाखवायचं. एक खड्डा सोडला की ओळ मोडते.”

“मोडू द्या.”

“मामा?”

“मोडू द्या म्हणलं ना, मॅडम.”

तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

“साप निघाला का?”

“न्हाई.”

“मग चक्कर येतेय का? पाणी घ्या आधी.”

बाटली त्याच्या हातात देऊन ती घुटमळली, घोंगड्याकडं एकदा पाहिलं, पण विचारलं नाही. पोरगी शहाणी होती. दुसऱ्या ओळीकडं निघून गेली. बंकटनं बाटली न उघडताच घोंगड्याशेजारी ठेवली.

तोवर पाण्याच्या कडेनं आश्रुबाची बायको सुंदरबाई घागर कमरेवर घेऊन येताना दिसली. बंकटला वाटलं, उठून जावं. मग वाटलं, आश्रुबापेक्षा हिला सांगणं बरं. बाईमाणूस रडेल, शिव्या देईल, पण कुऱ्हाड तर उचलणार नाही.

“दाजी, असं कावून बसलाव? ऊन लागलं का?”

“सुंदरबाई, घागर खाली ठिवा.”

तिनं ठेवली. बंकटनं मूठ उघडली.

“माझ्या हातून चुकून झालं. पहार लागली. तुमचं लेकरू इथं हाय हे मला ठाव न्हवतं, बाई. देवाशपथ ठाव न्हवतं.”

सुंदरबाईनं वाळा उचलला. अंगठ्यानं त्यावरचा गाळ पुसला. तो फिरवून फिरवून पाहिला आणि मग घोंगड्याकडं पाहिलं. ती रडली नाही, ओरडली नाही. तिच्या चेहऱ्यावरचं रक्त तेवढं उतरत गेलं.

“आमचं न्हाई हे,” ती हळूच म्हणाली. “आमचं एकबी न्हाई गेलं, दाजी. तिन्ही पोरं धडधाकट हायती.”

“मंग चुलत्यापुतण्यातलं कुनाचं...”

“वाळे ह्यांनीच आणल्ते. बीडच्या बाजारातून. मी नवी नवरी व्हते तवा.”

“आश्रुबानं? मंग तुमचंच की.”

सुंदरबाईनं पदर तोंडाला लावला.

“मामा म्हनून आणल्ते, दाजी.”

बंकट तिच्याकडं बघत राहिला. आश्रुबाला बहीण एकच. गोष्ट पोराला कळावी इतकी सोपी होती, पण ती त्याच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हती. थोरल्या पोराच्या, बजरंगच्या आधी एक झालं होतं, हे खरं. पहिलं बाळंतपण म्हणून सारजा माहेरी होती. तो मेंढरं घेऊन लांब गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, आईबाप आणि बहीणही त्याच्याबरोबर. परत आला तेव्हा सासूनं दारातच सांगितलं, मेलेलंच जन्मलं, वाईट वाटून घेऊ नका. मुकाट्यानं मागं येऊन त्यानं पाय धुतले होते, इथं, याच परसात.

मेलेल्या लेकराला कुणी वाळे घालत नाही. वाळे बारशाला घालतात.

“जितं व्हतं?” त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

“मी न्हाई सांगायची. माझा त्यो मान न्हाई.” सुंदरबाई घाईघाईनं उठली. “आमाला वाटलं, पान्यात वाहून गेलं असंल. आक्काला आणते.”

पुनर्वसनातली सुंदरबाई वाघदऱ्याच्या वाटेला लागली. त्या वाटेनं ती आजवर कधी गेली नव्हती. घागर तिथंच राहिली.

बंकटनं घोंगड्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. त्याला हळूहळू एकेक उमगायला लागलं होतं, आणि प्रत्येक गोष्ट आधीच्यापेक्षा जड होती. बारसं झालं म्हणजे आळीतल्या बायका आल्या असतील. घुगऱ्या वाटल्या असतील. म्हणजे अख्ख्या लिंबारीला ठाऊक होतं. ग्रामसभेत तो बेंबीच्या देठापासून ओरडत होता, त्यांच्या गुरांना काठीनं हाणून गायरानातून हाकलत होता, त्यांच्या पाण्याच्या टाकीला आडवा पडला होता, तेव्हा समोर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. भांडणात माणूस काय बोलत नाही? बाप काढतो, आज्जा काढतो. पण एवढ्या वर्षांत एकानंही हे काढलं नव्हतं. त्याला एकदम लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

दोघी येताना दिसल्या. पुढं सारजाबाई होती आणि तिला गाठता गाठता सुंदरबाईला धाप लागत होती. गुडघ्यांचं नावसुद्धा नव्हतं. सारजाबाई आली, त्याच्याकडं न बघता खाली बसली, घोंगडं बाजूला केलं, दगड सरकवला आणि गाडग्याच्या काठावर तळवा ठेवला. फुटलंय का ते पाहत असावी. एका बाजूला टवका उडाला होता. तेवढ्याच जागी तिचं बोट थांबलं.

“पोरगी व्हती?” बंकटनं विचारलं.

“हं.”

“नाव ठिवलं व्हतं?”

“बबिता.”

त्यानं ते नाव मनातल्या मनात म्हणून पाहिलं. दुसऱ्याच्या घरातल्या माणसाचं वाटलं.

“किती दिवस...”

“सव्वा महिना भरायला आला व्हता. ताप आला. एका रातीत गेली.”

“मला निरोप कावून न्हाई धाडला?”

“धाडल्ता. ती महिन्याची झाली तवा आमच्या भावकीतला सटवा गेल्ता तुमाला हुडकायला, पोरगी झाली म्हनून सांगायला. गंगथडीला गावोगाव फिरला, पर तुमचा मेंढरांचा वाडा हालला व्हता. कुठं गेला ते कुनालाच ठाव न्हवतं. आठ दिसांनी पाय सुजवून माघारी आला.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “तवर ती ऱ्हाईली न्हवती.”

“मंग आल्यावर सांगायचं व्हतं, सारजा! मेलेलं झालं म्हनून कावून सांगितलं? कुनी सांगितलं तुला असं बोलायला?”

तो ओरडला तसं लांबच्या ओळीतली दोन माणसं वळून बघायला लागली. सुंदरबाई त्यांच्या आणि खड्ड्याच्या मध्ये उभी राहिली.

“कुनी न्हाई. आईला मीच म्हणलं, तसं सांग.” सारजाबाईनं पहिल्यांदाच मान वर केली. “तुमी तिला बघितली न्हवती, घेतली न्हवती. तुमाला दुख झालं असतं, पर निम्मंच. त्या निम्म्याचं मी काय करू? म्हनून समदंच माझ्यापाशी ठिवलं.”

बंकटला राग यायला हवा होता. तो आलाही, छातीपर्यंत आला आणि तिथंच अडकून बसला.

“आन् पानी चढायलं तवा? लोकांनी देव नेले, चौकटी नेल्या...”

“तवा मी तुमच्या पुढ्यात हुबी राहून म्हणले व्हते, एकडाव माहेरला जाऊन येते. तुमी म्हणलाव, त्या घराची पायरी चढलीस तर परत इकडं यायचं न्हाई.”

तो असं म्हणाला होता. शब्दन्‌शब्द असाच म्हणाला होता. तेव्हा त्याला वाटलं होतं, भावाला भेटायला निघाली आहे.

“मी डोंगरावरून बघत व्हते,” सारजाबाई म्हणाली. “शेरडं चारायला जायाची न् बघायची. आज दारात आलं. आज चिंचंला लागलं. मंग दिसंना.”

वारा पाण्यावरून येत होता. तिकडं खताची ट्रॉली आली होती, आणि ऋतुजा हाक मारून सगळ्यांना बोलवत होती. या तिघांपैकी कुणी हललं नाही. बंकटनं सुंदरबाईच्या हातातला वाळा मागून घेतला आणि बायकोच्या तळव्यावर ठेवला. मग बऱ्याच वेळानं, अगदी हळू आवाजात, परक्या माणसाला विचारावं तसं त्यानं विचारलं,

“दिसायला कशी व्हती?”

सारजाबाईचा चेहरा एकदम उजळला. एवढ्या वर्षांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

“गोरी व्हती. आन् नाक...” तिचा हात आपोआप नाकाकडं गेला. “नाक तिचं...”

हात तिथंच राहिला. ती थांबली. डोळे बारीक करून तिनं पुन्हा सुरुवात केली, ओठ हलले, पण शब्द आला नाही. तिनं एकदा गाडग्याकडं पाहिलं, एकदा पाण्याकडं, आणि मग नवऱ्याकडं पाहिलं ते भेदरलेल्या डोळ्यांनी. इतकी वर्षं जिवापाड सांभाळलेलं तिनं आज पहिल्यांदा उघडून बघितलं होतं, आणि आत तोंडच नव्हतं.

“अवं, मला आठवंना,” ती म्हणाली. “मला तिचं तोंड आठवंना.”

बंकटला काय करावं कळेना. त्यानं तिच्या खांद्याकडं हात नेला, पण ठेवला नाही.

“मला हाय ध्यानात, आक्का.”

सुंदरबाई येऊन दोघांच्या मधोमध बसली. पुनर्वसन झाल्यापासून तिनं नणंदेला आज पहिल्यांदा ‘आक्का’ म्हणून हाक मारली होती, तीही तोंडावर.

“तिची आत्या गंगथडीला व्हती तुमच्या संगं, दाजी, म्हनून कानात कुर्र करायला मलाच बसवलं. नवी नवरी मी, मला कुठं काय येतंय? लई भ्यालते. कपाळ मोट्टं व्हतं तिचं. भिवया न्हवत्याच. आन् डाव्या कानाची वरली कड आत मुडपलेली. मी तोंड न्यायलं तर आळीतली एक मावशी म्हणली, अगं, तिला ऐकू कसं जाईल, आधी कान तर उलगड. मंग मी कड वर केली न् कुर्र केलं. तशी हासली.”

सारजाबाई ऐकत होती. ऐकता ऐकता तिची नजर नवऱ्यावर गेली. बंकटच्या डोक्याला पटका होता, नेहमीसारखा कानावर ओढलेला. तिनं हात लांब केला आणि डाव्या बाजूचा वेढा वर सारला. मग दोन बोटांनी त्याच्या कानाची मुडपलेली कड हळूच उलगडली.

बंकट हलला नाही.